रिकाम्या खुर्चीवरचे सात हात

आधीच सांगते, चमत्कार, दृष्टांत, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही. तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती असून असं म्हणते म्हणून हसू नका. मी सेलूत हायस्कूलला विज्ञान शिकवते. देवावर माझा विश्वास आहे, पण माझा देव नियमानं वागणारा आहे. निदान त्या रविवारपर्यंत तरी तसा होता.

आणखी एक गोष्ट कबूल करून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी माझ्या धाकट्या जावेवर जळते. कुसुम तिचं नाव. लग्नानंतर विश्वासात आलेली, म्हणजे ख्रिस्ती झालेली, चौथी पास, लोकांच्या रानात कापूस वेचायला जाते. ती प्रार्थना करते म्हणजे शेजारणीशी बोलावं तसं देवाशी बोलते. आणि तिची ऐकली जाते! कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या लेकराचा ताप उतरेना, की झालं, “कुसुमला सांगा.” मी जालन्याच्या मिशन कंपाउंडात वाढलेली. पंधरा मिनिटं न अडखळता प्रार्थना करते, एक शब्द इकडचा तिकडं होत नाही. पण मला कुणी सांगत नाही. सासूबाईसुद्धा नाही.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या कुसुमकडंच असायच्या, देवगाव फाट्यावरून आत गेलं की वालूरच्या बाजूला एक गाव लागतं तिथं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं आमची ख्रिस्ती घरं जेमतेम सहा. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला दोन गुंठ्याचं कबरस्तान आहे, त्यात मामंजी पुरलेले.

त्या कबरस्तानाला दोन वर्षांपासून कुलूप होतं. ते लावलं होतं भाऊसाहेबांनी. कागदावर सरपंच त्यांची बायको, पण शिक्का यांच्या खिशात. आत यांची ट्रॉली उभी, मामंजींच्या आणि आजूबाजूच्या कबरींवर सोयाबीनच्या भुसाचा ढीग. विचारायला गेलं की एकच उत्तर, “सातबाऱ्यावर तुमचं नाव हाय का?” तहसीलला अर्ज दिला तर तिथून ग्रामपंचायतीचा ठराव मागितला, आणि ठराव भाऊसाहेब होऊ देत नव्हते.

इकडं आत्याबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि दुसरं कबरस्तान थेट परभणीला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. त्या एकच धरून बसल्या होत्या, “मला परभणीला पुरू नका गं. तिथं मला कोण वळखतंय? ह्यांच्या शेजारी ठिवा.”

आता खुर्चीचं सांगते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, एक पद्धत आहे. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची तो माणूस हजर नसला, दवाखान्यात किंवा परगावी असला, तर मधोमध एक रिकामी खुर्ची ठेवायची आणि तो बसलाय असं समजून सगळ्यांनी तिच्यावर हात ठेवायचे. प्लास्टिकची साधी खुर्ची. मला हे नेहमी पोरखेळासारखं वाटायचं, पण हात मात्र ठेवायचे.

त्या रविवारी उपासना कुसुमच्याच घरी होती, आत्याबाईंना ऐकू यावं म्हणून. आत्याबाई सोडून आम्ही आठ माणसं. माझे मिस्टर शाळेच्या कामानं आले नव्हते. लाइट गेलेली, पंखा बंद, सगळे घामाघूम. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, विचारलं, “खुर्ची कोणासाठी?”

कुसुम म्हणाली, “भाऊसाहेबांसाठी.”

गावातले म्हातारे दानिएलकाका भडकले. “त्याच्यासाठी? माझ्या बापाच्या कबरीवर त्यानं भुसा टाकलाय, अन् त्याला आशीर्वाद मागू का मी?”

“काका, दर रविवारी अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करतोच की आपुन,” कुसुम म्हणाली. “मग हे कोन हायत?”

खरं तर ते वाक्य माझं असायला हवं होतं. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी, मग ते कसेही असोत, हे मी सहा वर्षांची असल्यापासून पाठ म्हणत आले. पण रविवारी आम्ही ते एका ओळीत उरकायचो आणि जेवायला पळायचो. कुसुमनं ती ओळ उचलून खुर्चीत बसवली. हे मला का नाही सुचलं?

आठही जणांनी हात ठेवले. काकासुद्धा कुरकुरत आले. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे, कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेलेलं. माझा हात पाठीच्या बाजूला होता. कुसुमनं डोळे मिटून सुरू केलं, “बापा, ह्या मानसाला झोप न्हाई. त्याला झोप दे. त्याच्या जिवाला निवांत कर.”

बस्स, एवढंच. कुलपाचं नाव नाही, आत्याबाईंचं नाव नाही. माझे डोळे उघडे होते. मी तिच्या तोंडाकडं बघत होते आणि मनात माझं वेगळंच चाललं होतं — देवा, याचं वाटोळं कर. आणि एकदा तरी माझ्या प्रार्थनेनं कर, हिच्या नको. मी घड्याळही पाहिलं, एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

बुधवारी आत्याबाईंचं जास्त झालं म्हणून मी रजा टाकून पहाटेच गावी गेले. त्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं सगळं मी करत होते, तरी डोळे उघडले की त्या विचारायच्या, “कुसुम कुठं हाय?” सकाळी दहा-साडेदहाला दारात आवाज चढला. पाहते तर भाऊसाहेब, आणि त्यांच्या मागं दानिएलकाका, चेहरा पांढराफटक पडलेला.

“काय करनी करायलात तुमी माझ्यावर?” भाऊसाहेब ओरडले. “पोलिसात देतो एकेकाला!”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. रविवारी ते बोरीला साखरपुड्याला गेले होते. पंगतीत बसले असताना डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर हात पडले. वळून पाहिलं तर मागं भिंत. “एक-सव्वा एक वाजला आसंल. लय वेळ व्हते हात. मी भिऊन हाललो न्हाई, मोजले. सात व्हते. अन् एका हाताचं मधलं बोट आर्धं व्हतं! तसला हात आपल्या गावात एकाचाच हाय. म्हून म्हाताऱ्याला धरला. तवा ह्यानं खुर्चीचं सांगितलं.”

“पण त्रास काय झाला तुम्हाला?” मी विचारलं.

“झोपायलोय मी, मॅडम. दोन वर्सं गोळी खाल्ल्याबिगर डोळा लागत न्हवता. आता तीन दिवस झाले, टेकलं की झोपायलोय. कायतरी केलंय तुमी.”

तेवढ्यात कुसुम भाकरी टाकून बाहेर आली, हाताला पीठ. “मीच म्हनले खुर्ची ठिवा म्हणून,” ती सरळ म्हणाली. “झोप मागितली तुमच्यासाठी.”

“तुला कुनी सांगितलं मला झोप न्हाई म्हणून?”

“तुमचे डोळे दिसत न्हाईत व्हय, भाऊसाहेब?”

ते तिच्या हाताकडं बघत राहिले. बोंडांनी चिरलेली बोटं. मग त्या माणसानं, ज्याच्यासमोर ग्रामसेवक बसत नाही, मान खाली घातली. “ठिव बरं डोक्यावर.” तिनं ठेवला. त्यांच्या कलप लावलेल्या केसांत पीठ लागलं. डोळे मिटून ते म्हणाले, “हाच. मधी हाच व्हता.”

मला काय झालं कुणास ठाऊक. मी पुढं झाले आणि माझा हात त्यांच्यासमोर धरला. “मीही होते. पाठीवर.”

त्यांनी हाताकडं पाहिलं, खांदा हलवून पाहिला, जणू आठवत होते. मग अगदी अदबीनं म्हणाले, “न्हाई मॅडम. तुमचा न्हवता.”

“आवो आठ जण व्हतो की आमी,” काका म्हणाले.

“सातच व्हते, काका.”

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांचा माणूस किल्ली घेऊन आला. ट्रॉली निघाली, भुसा निघाला. आत्याबाई त्या शनिवारी गेल्या आणि मामंजींच्या शेजारी त्यांना ठेवलं. भाऊसाहेब ओढ्यापाशी उभे होते, आत आले नाहीत. त्यांचा काही संत झाला नाही, घरकुलाच्या यादीत अजूनही त्यांचेच भाचे-पुतणे असतात. पण पुढच्या महिन्यात ठराव झाला. माती देऊन परत येताना प्रत्येक बाई कुसुमच्या गळ्यात पडत होती, आणि मी सासू गेली म्हणून रडत होते की कशासाठी, ते मलाच कळत नव्हतं.

मिस्टर म्हणतात, काकांनीच आधी जाऊन सगळं सांगितलं असणार. झोपेचं काय, माणूस घाबरला की थकतो आणि झोपतो. मलाही हे फार पटवून घ्यायचं होतं. विज्ञानाची बाई आहे मी, रात्रंदिवस त्यावर विचार केलाय. पण काका शपथेवर सांगतात की भाऊसाहेबच आधी आले. आणि समजा सांगितलंही असतं... तर काकांनी आठ सांगितले असते. सात कुणीच सांगू शकत नव्हतं. त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला माहीत होतं की मी प्रार्थना करत नव्हते?

मी पाळकांना विचारलं नाही. कुसुमला तर नाहीच नाही. माझा तळवा त्या खुर्चीला घामानं चिकटला होता, हात काढला तेव्हा आवाज झाला होता, हे मला पक्कं आठवतं. बाकीचे सात हात इथून निघून बोरीला पोचले. माझा तिथंच प्लास्टिकवर राहिला.