ब्रेकवर विश्वास नसलेला मेव्हणा

माझ्या मेव्हण्याइतका संशयी माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. देवावर, पुढाऱ्यावर, दुधवाल्यावर त्याचा डोळे झाकून विश्वास. अविश्वास फक्त ब्रेकवर. हायवेला ट्रकचे ब्रेक दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, त्यामुळं जगातलं प्रत्येक चाक कधीतरी घरंगळत आपल्याच अंगावर येणार अशी त्याची खात्री. लग्नाच्या वरातीत नवरदेव सोडून हा बँडच्या गाडीखाली वाकतो. एसटीत चढायच्या आधी ड्रायव्हरला ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा कुठं आहे ते विचारतो. दोन एसट्या त्याला स्टँडवरच सोडून गेल्या. नव्या ट्रकांना कंपनीनं डोकं बसवलंय, ते चाक जाम होऊ देत नाही म्हणतात. याचं म्हणणं, डोकं तर माणसालाही दिलंय. माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, गेली तेव्हा तिला न्यायला गाडी आली. हा ढसाढसा रडत होता आणि रडतारडता गाडीच्या चाकामागं दगड लावत होता. तेव्हा मला राग आला. आता येत नाही.

मी जन्मभर ट्रक चालवला तो पुढच्या चाकांचे ब्रेक ढिले ठेवून. आम्हा ड्रायव्हरांत तशीच रीत. पुढचे धरले की भरली गाडी उलटते, असं उस्तादानं मला सांगितलं, मी पोराला सांगितलं. मेव्हणा सांगायचा, मग सगळा भार मागच्यांवर पडतो, घाटात ते तापतात आणि धरायचे बंद होतात. मी म्हणायचो, तू खालून बघतोस, मी वर बसून चालवतो.

तेरावं झालं आणि पोरगा पिंपळगावहून कांदा भरून मुंबईला निघाला. जाताना घरापुढं थांबला. पुढं कसारा घाट उतरायचा होता. मेव्हण्यानं वाकून पाहिलं आणि सरळ पुढच्या चाकासमोर आडवा झाला. पोरगा म्हणाला, "मामा, ऊठ, कांदा सडंल." मामा हलला नाही. मी दोन शिव्या घातल्या. तो पडल्यापडल्या म्हणाला, "दाजी, आक्काचं आपल्या हातात नव्हतं. हे हाय. पाना द्या."

पाना घेऊन मीच खाली शिरलो. तो सांगत गेला, मी आवळत गेलो. हाताला ढिलं करायचीच सवय, दोनदा उलटंच फिरलं.

घाट उतरल्याचा पोराचा फोन आला, तोवर आम्ही दोघं तेलकट हातांनी ओट्यावर बसून होतो. चहा कुणी करायचा, ते दोघांनाही कळत नव्हतं.