आधी पांढरं ठरवा

"आधी पांढरं काय ते ठरवा!"

दुकानाच्या पायरीवर आधी हे वाक्य चढायचं, मागून काका चढायचे. बगलेत घडी घातलेली पांढरी चादर, गळ्यात दोन दुर्बिणी, खांद्यावरच्या पिशवीत आणखी एक. नाशिक रोडच्या भर बाजारात हा अवतार दिसला की शेजारचा चपलावाला मला हाळी द्यायचा, "शेठ, उठा! तुमचं सैन्य आलं!"

माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, पासपोर्ट. तुमच्यापासून काय लपवायचं, माझा अर्धा धंदा खोट्यावर चालतो. नवरीला उजळ करतो, नवरदेवाच्या टकलावर केस पेरतो, हयातीत कधी सदऱ्याची बटणं न लावलेल्या आजोबांना मेल्यावर कोट-टाय चढवतो. अशा माणसाच्या दारात देवानं खरं पांढरं शोधणारं गिऱ्हाईक आणून सोडलं. देवालाही नाटकाची हौस असणार.

काकांना हवं होतं ते असं. गच्चीवर चादर वाळत घालायची. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून आधी नुसत्या चादरीचा फोटो काढायचा. मग प्रत्येक दुर्बिणीच्या भिंगाला कॅमेऱ्याचं नाक चिकटवून त्याच चादरीचा फोटो. नंतर सगळे फोटो पडद्यावर शेजारी शेजारी मांडायचे. कोणती दुर्बीण चादर पिवळी करते, कोणती हिरवट, आणि कोणती उजेड सगळ्यात कमी खाते, ते बघायचं.

"काका, डोळ्यानं बघा की सरळ."

"डोळा लबाड असतो. जरा वेळानं सरावतो आणि सगळंच पांढरं आहे म्हणतो."

आता हा खटाटोप कशासाठी, तर काकूंसाठी. काकूंना काचबिंदू होता. नजर कडेनं मिटत आत येत होती, राहिलेली धुरकटत होती. आणि पाखरांचं वेड मूळ काकूंचं. शाळेत शिकवायच्या, थंडी पडली की रविवारी नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर. काका बँकेतले, पाखरांतलं ओ की ठो कळायचं नाही, डबा धरायला म्हणून जायचे. डॉक्टर एकदा सहज बोलून गेले, "भरपूर उजेड ठेवा, राहिलेल्या नजरेला तेवढीच मदत." ते बोलले स्वयंपाकघरातल्या दिव्याबद्दल. काकांनी ते वाक्य उचललं आणि दुर्बिणीला बांधलं. जास्तीत जास्त उजेड देणारी, रंग न बिघडवणारी दुर्बीण सापडली की काकूंना त्यांची जांभळी पाणकोंबडी पुन्हा दिसणार!

पहिल्या दिवशी फजिती झाली. सगळे फोटो एकसारखे आले. सगळ्या चादरी शुभ्र, दुर्बीण कुठलीही असो. काका आधी खूश झाले, मग चष्मा वर करून माझ्याकडे बघत राहिले. "स्वस्तातली आणि महागातली सारखीच? आणि दुर्बिणीशिवायचा फोटोपण तसाच?"

माझ्या लक्षात आलं. लग्नाच्या सवयीनं कॅमेरा ऑटोवर राहिला होता. उजेड कमी पडला तर तो आपणच भरून काढतो, रंग पिवळा दिसला तर आपणच धुऊन काढतो.

"म्हणजे तुमचा कॅमेरा तोंडदेखलं बोलतो," काका म्हणाले. "त्याला सांगा, मला वाईट वाटलं तरी चालेल."

मग मी उजेड आणि रंग दोन्ही एका जागी बांधून टाकले, आणि चादरींचे खरे रंग बाहेर आले. एक चहासारखी, एक शेवाळलेली, एक दुपारची असून संध्याकाळची वाटणारी. काका ओळखीपाळखीच्या पक्षीवाल्यांकडून नव्या नव्या दुर्बिणी मागून आणायचे. मध्येच सूर्यासमोर ढग आला की दोन्ही हात पसरून ओरडायचे, "थांबा! ढगाचा फोटो नकोय!" काकू एकदा जिना चाचपडत वर आल्या होत्या. म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं चादर वाळत घातलेली पहिल्यांदाच बघतेय. डोळे अगदीच वाया नाही गेले."

एक गोष्ट मात्र मला छळत होती. शेवटी बोललोच. "काका, यात सगळ्यात उजेड तर दुर्बिणीशिवायच्या फोटोत आहे."

"असणारच. काच थोडा तरी खातेच."

"मग कितीही चांगली आणली तरी..."

"पुढची लावा," काका म्हणाले.

एके दिवशी हवी तशी दुर्बीण आली. तिच्यातली चादर जवळजवळ चादरच होती. काका पडद्यावर बोट ठेवून नुसते हसत होते. पुढच्या रविवारी माझ्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. नांदूरच्या कच्च्या रस्त्याला धूळ उडते म्हणून काकांनी दुर्बिणीला मागून-पुढून झाकणं लावली होती.

पाणी शांत होतं. बांधाजवळच्या पाणगवतात पाणकोंबडी चालत होती, मला साध्या डोळ्यांनी दिसत होती. काकांनी घाईघाईत मागची झाकणं उपटली, दुर्बीण काकूंच्या हातात दिली, खांद्याला धरून त्यांना नीट वळवलं.

"दिसतेय?"

काकूंनी दुर्बीण डोळ्यांना लावून जरा इकडेतिकडे फिरवली. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मीही हरखलो. "अगंबाई! दिसतेय की! जांभळी कशी झळकतेय! आणि चोच बघा, कुंकवासारखी!"

काका लहान मुलासारखे हसले. "बघू, बघू," म्हणत त्यांनी दुर्बीण घेतली, डोळ्यांना लावली. आणि तशीच धरून ठेवली. बराच वेळ. मी समोरून बघत होतो म्हणून मला दिसलं. पुढची दोन्ही झाकणं तशीच लागलेली होती.

"बघितलंत ना?" काकूंनी विचारलं.

"हो," काका म्हणाले. दुर्बीण अजून डोळ्यांनाच होती. "लाल आहे चोच."

परतताना दोघंही पाणकोंबडीबद्दल खूप बोलले.

दोन-तीन दिवसांनी काका दुकानात आले. पांढऱ्याचं वाक्य नाही. तीच दुर्बीण, तीच चादर. "एक फोटो राहिलाय," म्हणाले आणि पुढची झाकणं लावून दुर्बीण माझ्यासमोर धरली. मी काढला. पडद्यावर चादरींची रांग होती, पहिली दुर्बिणीशिवायची, लख्ख. मग पिवळट, हिरवट, धुरकट. शेवटी हा काळा चौकोन जाऊन बसला.

"हे तिचं," काका म्हणाले.

मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. "ती मला तोंडदेखलं बोलते, मी तिला. शेठ, आमच्यात तुमचा कॅमेरा तेवढा सुधारला." हे बोलून ते हसले. त्यांचं ते हसणं कुठल्याही अल्बमात लावता येणार नाही.

मागून आणलेल्या दुर्बिणी त्यांनी ज्याच्या त्याला पोचवल्या. काकूंची राहिलेली नजर त्या पावसाळ्यात गेली, आणि मुलीनं दोघांना बडोद्याला नेलं. मधूनमधून मी फोन करतो. "कसं काय, काका?" "उत्तम," म्हणतात. मागून काकू ओरडतात, "अगदी उत्तम!" मीही इकडून उत्तम सांगतो.

चादर न्यायची राहिली. गच्चीवरच्या तारेला चिमट्यांत तशीच आहे, दोन उन्हाळ्यांत पिवळीजर्द झाली. परवा तिचा एक फोटो काढला. कॅमेरा ऑटोवर होता.

पांढरीशुभ्र आली.