पुसली तितकी पसरली

अख्खा वॉर्ड त्यांना मामा म्हणायचा. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. हात इतका हलका, की घाबरलेलं माणूस डोळे मिटून विचारायचं, "मामा, सुरू कधी करणार?" आणि मामा गाठ मारत म्हणायचे, "पडदा पडलासुद्धा!"

सात नंबरच्या खाटेवरच्या शिंपीणबाईंपुढे मात्र तो हात हरला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी टाक्यांभोवती पुरळ उठलं, मग जांभळ्या काठाची जखम फाकतच गेली. मोठ्या डॉक्टरांनी पू समजून दोनदा खरवडली. दोन्ही वेळा ती दुप्पट झाली. तपासणीत जंतू एकही सापडेना. आता पाय काढायचं घाटत होतं.

"पायाशिवाय मशीन कसं मारू हो, मामा?"

मामांची नजर बाईंच्या मनगटावर खिळली होती. सलाइनची सुई टोचली होती, तिथेही तसाच जांभळा फोड. असा फोड त्यांनी पूर्वी एकदाच पाहिला होता.

ते तडक मोठ्या डॉक्टरांपुढे उभे राहिले. "साहेब, लहान तोंडी मोठा घास. पण ही कातडी डिवचली की चवताळते, मनगटावर सुईच्या जागीही फोड आलाय. कापू नका. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना एकदा दाखवा."

"मामा, तुम्ही पट्ट्या बांधा," साहेब गुरकावले. पण बाईंचं मनगट पाहून त्यांनी फोन उचलला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे जंतूंचं काम नाही. शरीर स्वतःवरच उलटलंय. सुरी नको, सूज उतरवणारं औषध द्या. आणि जखम घासायची नाही, अजिबात."

आठवड्याभरात जखमेची कड निवली. बाईंनी मामांचे हात धरले. "या हातांनी पाय वाचवला माझा!"

मामांनी हात हळूच सोडवून घेतले. व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, "हे पोटावरही होतं का हो? ऑपरेशननंतर?"

"होतं की. का?"

"सहज."

वीस वर्षांपूर्वी मामींच्या पोटावर असाच जांभळा काठ होता, दंडावर सुईचा असाच फोड. दुसऱ्या कुणाच्या हाताचा भरवसा नाही, म्हणून मामांनी स्वतः, दिवसातून दोनदा, ती जखम घासून घासून लख्ख केली होती. मामी दात आवळून म्हणायच्या, "अहो, जरा हळू." आणि ते म्हणायचे, "थोडं सोस गं, घाण राहता कामा नये." शेवटच्या दिवशीसुद्धा जखम अगदी स्वच्छ होती.

मामा पुन्हा सात नंबरकडे आले. कापूस ओला केला, आणि बराच वेळ तो नुसता जखमेवर धरून राहिले.