तुम्ही विचारा, मी सांगते

दुभाषीबाईंनी एकोणीस वर्षांत रुग्णाला स्वतःहून एकही प्रश्न विचारला नव्हता. डॉक्टर बोलतील तेवढं रुग्णाच्या भाषेत सांगायचं, रुग्ण बोलेल तेवढं डॉक्टरांच्या. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. घरी गेल्यावर मात्र त्या सगळी कसर भरून काढत. नवऱ्याला एक वाक्य पुरं करू देत नसत.

यंदाचे शिकाऊ डॉक्टर त्यांच्या खोलीकडे फिरकत नव्हते. दुभाषी मागवायचा तर अर्ज भरा, दहा मिनिटं ताटकळत बसा. त्यापेक्षा खाटेशी बसलेला नातेवाईक बरा, काम झटपट उरकतं. बाईंचा फोन दिवसचे दिवस वाजत नसे, आणि त्याचीच त्यांना धास्ती वाटे. वॉर्ड तर गच्च भरलेले.

त्या सकाळी चहा घेऊन येताना समोरून ऑपरेशनला निघालेल्या एका म्हातारीची ट्रॉली आली. सोबत तिची सून, मागे वॉर्डातली एक शिकाऊ डॉक्टर मुलगी. म्हातारी आपल्या भाषेत सुनेला म्हणाली, "रक्त पातळ व्हायची गोळी आजपण घेतली बरं का. एक दिवस चुकवली नाही."

सून नुसतं "हं" म्हणाली.

ऑपरेशनआधी ही गोळी काही दिवस बंद ठेवावी लागते, हे बाईंना ठाऊक होतं. चहा खिडकीत ठेवून त्यांनी ट्रॉलीचा दांडा धरला. "यांना गोळ्यांचं पुन्हा विचारा."

"विचारलंय. पाच दिवस बंद आहेत. सूनबाईंनीच सांगितलं."

"सुनेला नाही, यांना. तुम्ही विचारा, मी सांगते."

मुलगी वैतागली, पण तिने विचारलं. म्हातारीचं उत्तर बाईंनी जसंच्या तसं सांगितलं. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

सुनेने मान खाली घातली. "तारीख पुढे गेली असती तर मला पुन्हा रजा कोण देणार होतं?"

ट्रॉली वॉर्डात परत गेली. बाईंना हायसं वाटलं, पण मुलगी जागची हलेना.

"सात वाजता एक आजोबा ऑपरेशनला आत गेलेत," ती म्हणाली. "त्यांनाही याच गोळ्या होत्या. बंद केल्यात असं नातू म्हणाला."

"आजोबांना विचारलं होतंत?"

तिने नकारार्थी मान हलवली. आठ वाजून गेले होते. तिने ऑपरेशन थेटरला फोन लावला, पण पलीकडून "बोला" म्हटल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना. बाई सवयीने तिच्या बोलण्याची वाट बघत राहिल्या. मग त्यांनीच फोन घेतला आणि विचारलं, "आजोबा कसे आहेत?"

"रक्त थांबत नाहीये. गोळ्यांचं यांना कोणी विचारलं होतं?"

बाईंनी फोन मुलीच्या हातात परत दिला. याचं उत्तर तिलाच द्यायचं होतं.