पासिंगपुरता सिलिंडर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं तिला वाटतं, आणि मी तसं वाटू दिलं. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही — बहुधा म्हणूनच.

मरोळच्या आमच्या वसाहतीत मी हिशेबाचा माणूस. कुणाचे आकडे जुळेनासे झाले की मला बोलावणं यायचं. मंडळाने वर्गणीतून रुग्णवाहिका घेतली तेव्हा तिची देखभाल आणि दरवर्षीचं पासिंग माझ्याकडेच आलं. पासिंग म्हणजे आरटीओची तपासणी. ब्रेक, दिवे, टायर. शिवाय आत स्ट्रेचर आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आहे ना, तेही दाखवावं लागे.

त्या काळी पासिंगला गाड्या नटून जायच्या. कुणी शेजाऱ्याचे चांगले टायर चढवायचा, कुणी स्टेपनी मागून आणायचा. गाडी पास झाली की ज्याचं त्याला परत. याला कुणी फसवणूक म्हणत नसे. मी म्हणत असे — चारचौघांत, मोठ्याने.

ब्याऐंशीचा उन्हाळा. आमच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळत होता म्हणून तो दुरुस्तीला दिलेला, आणि पासिंग उद्यावर आलं तरी तो परत आला नव्हता. तारीख चुकली तर पुढची तीन आठवड्यांनी, तोवर गाडी उभी. मी हिशेब मांडला. आमची गाडी तीन आठवडे बंद, की पलीकडच्या वसाहतीची गाडी एक सकाळ सिलिंडरशिवाय? उत्तर सरळ होतं. त्या हिशेबात मला अजूनही चूक सापडत नाही — याचीच भीती वाटते.

पलीकडच्या गाडीवर परब नावाचा ड्रायव्हर होता, मालवणकडचा. सिलिंडर गाडीतून हलवायचा नाही, अशी त्याच्या मंडळाची सक्त ताकीद होती. सकाळी मी एकटाच त्याच्या शेडवर गेलो. तो बराच वेळ मान खाजवत राहिला.

"सायबानू, दुसऱ्या कोणाक देवचंय नाय. तुमी म्हणान देतंय. दुपारच्या आत हाडून द्या हां, नायतर माजी वाट लागतली."

मी शब्द दिला.

पासिंग लवकर आटोपलं. येताना वाटेतच परबची शेड लागत होती. आमचा ड्रायव्हर सदा म्हणाला, "झकास झालं साहेब! आधी सिलिंडर टाकून येऊ ना?" पण वसाहतीत मंडळी हार-नारळ घेऊन खोळंबली होती. पास झालेल्या गाडीची पूजा करायची, हा आमचा दरवर्षीचा रिवाज. मी म्हणालो, "आधी पूजा उरकू रे. परब कुठे पळून जातोय?"

पेढे वाटत असताना बातमी आली. पलीकडच्या वसाहतीतल्या शिंदे मास्तरांची बायको, दम्याची जुनी पेशंट, रुग्णवाहिकेतच गेली. परब गाडी हाणत होता आणि मास्तर मागून ओरडत होते — ऑक्सिजन कुठाय, अरे ऑक्सिजन कुठाय?

इथपर्यंत कुणी याला दुर्दैव म्हणेल. म्हणू द्या. मला लिहायचं आहे ते याच्या पुढचं.

मी सिलिंडर चादरीत गुंडाळला आणि रिक्षा केली. परब अजून हॉस्पिटलातच होता, शेड रिकामी होती. मी सिलिंडर कोपऱ्यात, पिंपाच्या आडोशाला उभा करून ठेवला. पाहणाऱ्याला वाटावं, ड्रायव्हर चढवायला विसरला. तसं वाटेल हे तेव्हा माझ्या मनात आलं होतं का? — आलं होतं. परत करायला गेलो होतो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. परतच करायचा असता तर परबच्या हातात दिला नसता का? सदाला मी गप्प राहायला सांगितलं. साहेब सांगतात म्हणजे काही कारण असेल, असं समजून तो गप्प राहिला.

त्यांच्या मंडळाने चौकशीची बैठक घेतली. कुणीतरी त्रयस्थ हवा, सचोटीचा हवा, म्हणून मला बोलावलं. आणि मी गेलो. नाही म्हणता आलं नसतं का?

परब उभा होता. अध्यक्षांनी विचारलं, "सिलिंडर शेडमध्ये काय करत होता रे?" तो शेडमध्ये सापडल्याचं परबला तेव्हाच कळलं असावं. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — आता हे बोलतील, अशा खात्रीने. मी पेनाचं टोपण लावत बसलो. मग तो म्हणाला, "चढवूचो रवलो. चूक माजी."

माझं नाव त्याने का घेतलं नाही? कुणी विश्वास ठेवला नसता म्हणून? की मी स्वतःच बोलेन, याची त्याला शेवटपर्यंत आशा होती?

मास्तर भिंतीशी बसले होते. ते एवढंच म्हणाले, "तुला आई नाही काय रे, परब?" परबने मान खाली घातली. माझं मत विचारलं गेलं. कामावरून कमी करावं, असं मी म्हणालो. आवाज कापला नाही.

त्यानंतर आमच्या भागात परबला कुणी गाडी दिली नाही. बायकामुलांना घेऊन तो गावी गेला. ऑक्सिजन असता तरी बाई वाचल्या असत्याच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या एका वाक्याच्या आड मी इतकी वर्षं काढली. मास्तर बाजारात भेटतात, थांबून माझ्या मुलांची चौकशी करतात, आणि परबचं नाव निघालं की अजून शिव्या देतात. मी ऐकून घेतो. पिशवी या हातातून त्या हातात घेतो.

मास्तर, परब काही विसरला नव्हता. सिलिंडर मी नेला होता. तुम्ही ओरडत होता तेव्हा तो आमच्या हार घातलेल्या गाडीत होता. नंतर शेडमध्ये मीच नेऊन ठेवला.