दुप्पट वेगाचे साडू

आमच्या दादाच्या साडूंइतका घाईचा माणूस निगडीपासून चाकणपर्यंत दुसरा जन्मलेला नाही, हे मी कुठल्याही देवळात उभी राहून सांगेन. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, राहायला काळेवाडीत; आणि हे साडू म्हणजे वहिनीच्या धाकट्या बहिणीचे यजमान, मुक्काम तळेगाव दाभाडे. मी त्यांना भाऊजी म्हणते. चाकणच्या एका कंपनीत, गाड्या जोडायच्या लाइनवर त्यांची सगळी नोकरी झाली. पट्टा पुढे सरकायच्या आत आपलं काम उरकलंच पाहिजे, ही सवय हातांना लागली ती लागलीच. घरी येताना ती गेटवर ठेवून यायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. बेल वाजवली की दार उघडायच्या आत ते खिडकीतून बोलायला लागतात. फोन केला तर "हॅलो, मी बोलतोय, सगळे बरे ना, ठेवतो" एवढंच ऐकू येतं, आणि आपण कुणाशी काय बोललो ते शोधायला आपल्यालाच परत फोन लावावा लागतो. गणपतीत सगळे आरतीच्या दुसऱ्या कडव्याला असतात तेव्हा यांच्या तोंडात मोदक असतो. लग्नात अक्षता पडल्या की यांचा पाय चपलेत! डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत धीर नाही म्हणून एकदा त्यांनी आपली कंबरदुखी शेजारी बसलेल्या बाईंनाच सांगून टाकली, त्यांनी सांगितलेलं तेल लावलं आणि बरेही झाले, आता बोला.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माणूस घाईचा असला तरी धांदरट नाही. गरम चहा तीन घोटांत पितील, पण बशीत थेंब सांडणार नाही. शर्टाची इस्त्री कधी मोडलेली दिसणार नाही. "वहिनी, घाई वेगळी आणि घिसाडघाई वेगळी," असं ते मला नेहमी ऐकवतात. मी दादाची बहीण, त्यांची वहिनी कुठल्या नात्यानं होते कोण जाणे. नातं नीट लावायलाही त्यांना कधी सवड झाली नाही. "फास्ट, पण स्वच्छ" हा त्यांचा मंत्र, आणि या मंत्राचं देऊळ म्हणजे त्यांच्या हॉलमधला डीव्हीडी प्लेअर.

आता डीव्हीडी कोण बघतं? पण भाऊजी बघतात. हा प्लेअर त्यांनी जुन्या बाजारातून आणला. साध्या प्लेअरवर चित्र पळवायला घेतलं की ते उड्या मारतं, चौकोन चौकोन होतात, नवरा मांडवात शिरताना दिसतो तो एकदम हात धुताना. भाऊजींच्या यंत्रावर एक बटण आहे, ते दाबलं की चित्र दुप्पट वेगानं धावतं आणि तरी अख्खं राहतं, डोळ्यातलं काजळसुद्धा दिसतं. याचं मर्म त्यांनी मला कितीदा तरी समजावलंय. "बाकीचे प्लेअर पायऱ्या गाळत जिना उतरतात, वहिनी. आपला एकेक पायरी उतरतो, फक्त भराभर." तबकडी लावायच्या आधी ते ती मऊ धोतराच्या फडक्यानं मधून कडेकडे पुसतात, तेवढं एकच काम ते सावकाश करतात. कुणाच्या घरी लग्नाची, बारशाची, वास्तुशांतीची शूटिंग बघायची सक्ती झाली की नातेवाईक आधी विचारतात, तळेगावचे येणारेत का? ते आले की ती सक्ती अर्ध्या वेळात सुटते, आणि यजमानांचाही अपमान होत नाही, कारण सगळं तर दाखवलं! आम्ही या वेडाला भरपूर हसलो आहोत. आमच्या स्वातीचा संसार त्या बटणावर येऊन अडकेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

स्वाती ही दादाची एकुलती एक लेक. राजगुरुनगरच्या बाजूला दिली. लग्न दणक्यात झालं, पोरगी पहिल्यांदा माहेरी आली, आणि तिला न्यायला कुणी येईचना. पाठोपाठ निरोप आला तो असा, की नवरदेवाच्या थोरल्या मामांना मानाचा फेटा बांधला नाही. झालं! मामा रुसले, म्हणून त्यांची बहीण, म्हणजे स्वातीची सासू, रुसली. "माझा भाऊ पुढं झाल्याबिगर मी सून आणायला जायची न्हाई," म्हणाली. जावई गरीब स्वभावाचा. तो फोनवर "मी येतो न्यायला" म्हणायचा, तर आमची स्वातीच ऐकेना. "वाजतगाजत गेलेय, आता चोरासारखी जाणार नाही," म्हणायची, आणि मग पाठ करून झोपायची. दिवस उलटत चालले. शेजारच्या बायका मुद्दाम विचारायच्या, "अजून आहे का स्वाती?" माझ्या जिभेवर काय काय यायचं! दादा तर एकच वाक्य बोलला, "मी शोधलं होतं त्यांना." मानी माणूस, दुसऱ्यांदा सांगणार नाही.

वहिनीनं फार मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा मामा स्वातीच्या सासूबरोबर एकदाचे आले. पांढराशुभ्र सदरा, मिशा भरघोस, आणि उंबऱ्यातच पहिलं वाक्य, "चहा घिऊन उठनार हाय मी. बसायला आलो न्हाई." दादा म्हणाला, "मामा, मी तुम्हाला शोधत होतो हो." मामा म्हणाले, "समदे असंच म्हनत्यात. शूटिंग बघितलंय म्या, भाच्याच्या घरी, पळवून पळवून. तुमी फेटा मांडीवर घिऊन खुर्चीत बसलेलं हायसा. फेटा हाय, मानूस बसलेला हाय, आन् आमी काय मेलो व्हतो व्हय?" दादाचा चेहरा उतरला. खोटं तरी कसं म्हणणार, बसला होता तो, कधीतरी, दमून. स्वाती आतल्या खोलीच्या दाराआड उभी होती. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "पळवून म्हणजे कशावर पळवून?" भाऊजी! दार उघडायच्या आत ते प्लेअर काखेत मारून आत. (वहिनीनं बहिणीला फोनवर सांगितलं असणार.) "मामा, साध्या प्लेअरवर बघितलंत ना? ते लग्न नव्हतंच, लग्नाच्या चिंध्या होत्या. चहा होईपर्यंत दाखवतो." शूटिंगवाला पेनड्राइव्ह देत होता, तेव्हा भाऊजींनीच भांडून डीव्हीडी मागून घेतल्या होत्या, दादा त्या वेळी वैतागला होता. वहिनीनं आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि गॅस अगदी बारीक केला.

तबकडी फिरली. मंगलाष्टकं चिमण्यांच्या आवाजात सुरू झाली, भटजींचा हात माशी हाकलावी तसा हलायला लागला, आणि स्वातीची सासू पदर तोंडाला लावून हसू दाबायला लागली. मामा हसले नाहीत. नाचणारी पोरं गेली, आहेर देणारे गेले, आणि मग स्वातीच हळूच म्हणाली, "आत्या, मागे बघ." सगळ्यांच्या मागे, चित्राच्या अगदी कडेला, दादा होता. हातात भगवा फेटा. मान उंचावत मांडवभर हिंडत होता. विहिणी फोटो काढतायत, त्यांच्या मागून दादा गेला. बँडवाले वाजवतायत, त्यांच्यातून दादा घुसला. कुणाला तरी विचारतोय, तो माणूस हात करतोय, दादा तिकडे धावतोय. साध्या वेगानं हे दिवसभरात पसरलेलं होतं, कुणाच्या ध्यानात आलं नसतं. दुप्पट वेगानं दुसरं काही दिसेचना! आणि सगळ्यात कहर म्हणजे, दादा जेवणाच्या मांडवात या दारानं शिरला की पलीकडच्या दारानं एक पांढरा सदरा जिलबीचं ताट घेऊन बाहेर पडायचा. दादा बाहेर आला की सदरा आत. दोन पोरं लपाछपी खेळावीत तसं चाललेलं. शेवटी दादा एका खुर्चीत बसला, कपाळ पुसलं, फेटा मांडीवर ठेवला. श्वास घेतला न घेतला, की उठला आणि परत निघाला.

"अर्रर्र," मामा म्हणाले. "ह्यो सदरा मीच की." मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या, आणि ते जे हसत सुटले ते ठसका लागेपर्यंत. "मी पाव्हन्यास्नी वाढीत हिंडत व्हतो, राव! आन् ह्यो बाबा माझ्या मागं... माझ्यापायी एवढं पळालं व्हय तुमी?" दादा म्हणाला, "पळालो म्हणजे काय, सापडेचनात!" मामांनी डोळे पुसले. "त्यो फेटा हाय का अजून?"

वहिनीनं तो कपाटात नीट घडी घालून ठेवला होता. दादानं स्वतः बांधायला घेतला, आणि दादाचं बांधणं म्हणजे एकेक पीळ तपासून, पुन्हा सोडून, पुन्हा लावून. भाऊजींची नुसती तगमग चालली होती, बोटं आपोआप हलत होती. पण जन्मात पहिल्यांदा ते काही बोलले नाहीत. शेवटचा तुरा खोवला आणि मामा म्हणाले, "चला, पोरीची पिशवी घ्या." माझा जीव भांड्यात पडला. स्वाती रडत होती आणि हसत होती, आणि वहिनी स्वयंपाकघरात जाऊन गॅस मोठा करून आली. चहा इतका उकळला होता की कडू झाला होता. सगळ्यांनी गोड मानून घेतला.

याला आता बरीच वर्षं झाली. भाऊजी निवृत्त झालेत, पण सावकाश अजून झाले नाहीत. तो प्लेअर मात्र थकलाय, कधी तबकडी घेतो, कधी बाहेर टाकतो. दादाचे गुडघे गेले. खिडकीपर्यंत जायचं तर भिंत धरावी लागते. मामा वर्षातून एकदा येतात, स्वाती मुलांना घेऊन येते, आणि सगळ्यांची फर्माईश ठरलेली, फेट्याची डीव्हीडी लावा.

गेल्या खेपेला मांडवात धावणारा दादा पडद्यावर आला, आणि मी बघितलं तर खुर्चीतला दादा हातातली काठी घट्ट धरून बघत होता. भाऊजींनीही ते बघितलं असावं. त्यांनी रिमोट उचलला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, "दादा, आज जरा साध्या स्पीडनं लावू का?"

"नको, नको," दादा म्हणाला. पडद्यावरची नजर त्यानं काढली नाही. "पळू दे मला."