आबांची कानटोपी

तान्ह्या बाळाच्या डोळ्यांबद्दल आमच्या समोरच्या दारातल्या आबांना जेवढं कळतं तेवढं साक्षात ब्रह्मदेवालाही कळत नसेल. त्याने नुसते डोळे दिले, बघायचं कसं ते माझ्या लेकीला आबांनी शिकवलं. मूळचे साताऱ्याकडचे आबा, उभा जन्म कळंबोलीहून लोखंडाचे ट्रक हाकण्यात गेला. लेकीच्या लसीच्या दिवशी ते सोबत आले काय, आणि एवढ्याशा बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं काय, त्या दिवसापासून आमचं घर त्यांच्या हुकमावर चालू झालं. कुणीही बाळ बघायला आलं की आबा पाहुण्याच्या नाकापासून बाळाच्या नाकापर्यंत वीत लावून मोजायचे. "लांबनं लाडीगोडी नको. तिला तुमी नुसतं धुकं दिसताय, धुकं!" सोसायटीच्या सेक्रेटरींना तोंडावर धुकं म्हणणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

वस्तूंची शाळा वेगळीच. दिवसाला एकच वस्तू. वाटीचा दिवस असला की वाटी सरळ, आडवी, पालथी. "पालथी पडली तरी ती वाटीच ऱ्हाती, हे कळाय पायजे." सासूबाईंनी तीच वाटी वरणाला उचलली तेव्हा आबा दोन तास रुसून बसले होते.

एकदा वैतागून मी विचारलं, "आबा, एवढा आटापिटा कशाला हो?"

"सूनबाई, मी पंधरा-पंधरा दिस गाडीवर असायचो. घरी आलो की माझंच पोरगं मला बघून भोकाड पसरायचं, आईच्या पदराआड जायचं. मोठा झाला तरी लांबच ऱ्हायला. एका तरी लेकरानं मला वळखावं, बास."

मग मी तरी कुठल्या तोंडाने रागावणार?

पण घोटाळा त्यांनी स्वतःच करून ठेवला. डिसेंबरात आमच्याकडे पंखे फिरत असतात, आबांना मात्र थंडी वाजते. म्हणून काळी कानटोपी. लेक ती टोपी बघून खुदखुदायला लागली आणि आबा सोसायटीभर मिरवले. मार्चमध्ये त्यांनी टोपी काढली, तर लेकीने असा सूर लावला की वॉचमन धावत वर आला. बाईसाहेबांनी ओळखली होती ती काळी चौकट, आतल्या चेहऱ्याशी त्यांचा काही संबंध नव्हता! आबा मटकन सोफ्यावर बसले. मला फार वाईट वाटलं.

पण हार मानतील तर ते आबा कसले. दुसऱ्या दिवसापासून टोपी रोज एकेक बोट वर. भर उकाड्यात कानशिलांवरून घामाच्या धारा, पण गडी टोपी घालून हजर. आधी कपाळ दिसलं, मग कान, मग पांढरे केस. अकराव्या दिवशी ते बोडक्याने दारात उभे राहिले. लेकीने टक लावून पाहिलं, ओठ काढला, माझा जीव टांगणीला. आणि मग हसून तिने दोन्ही हात पुढे केले.

आबांनी तिला उचललंच नाही. उंबऱ्यातच उभे राहून डोळे पुसत राहिले. मीच तिला त्यांच्या कडेवर दिलं, तेव्हा हळूच म्हणाले, "अकराच दिस लागले, सूनबाई. माझ्या पोराच्या टायमाला अकरा दिस कधी घरी ऱ्हायलोच न्हाय."